अस्वलाच्या कचेरीतली म्हातारी

छत्तीसगढचं नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मंत्रालयात टायपिस्ट होते. भोपाळहून पेट्यांत भरून आलेल्या फायली अजून व्हरांड्यातच पडल्या होत्या आणि गाड्यांच्या पाट्यांवरचं एमपी खोडून सीजी लिहिणं शहरभर चालू होतं. त्याच सुमाराला रायपुरात छत्तीसगढी सीड्यांचं पेव फुटलं. ज्याच्याकडे एक कॅमेरा नि दोन दिवे, तो निर्माता. आमच्या घरी मराठी, पण माझं लहानपण गुढियारीच्या पाऱ्यात, म्हणजे तिथल्या मोहल्ल्यात, गेलेलं, त्यामुळे छत्तीसगढी मला घरच्या भाषेइतकीच जवळची. शिवाय नकला करायची खोड होती. ऑफिसातल्या एका ताईंच्या भावानं डबिंगचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांनी माझं नाव सुचवलं.

स्टुडिओ गुढियारीतच होता, मालाच्या एका गोदामावरच्या खोलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीवर दुलई टांगलेली. मालगाडीची शिटी वाजली की रेकॉर्डिंग थांबायचं. तिथं आम्ही एक इंग्रजी सिनेमा छत्तीसगढीत करायला घेतला. कुठल्याशा रोगानं माणसं जवळजवळ संपली आहेत आणि जनावरांना अक्कल आली आहे, अशी गोष्ट. अस्वलं न्यायाधीश, कोल्हे पोलीस. उरलेली चार-दोनशे माणसं कोळशाच्या जुन्या खाणीत लपून राहतात. मूळ सिनेमा गंभीर होता, पण मालकाला हसवणारा हवा होता. मग अस्वल आमच्या पटवाऱ्यासारखं बोलायला लागलं आणि कोल्हा हवालदारासारखा. आम्हीच डबिंग करता करता पोट धरून हसायचो.

त्यात एक म्हातारी होती. बोगद्यात वर्षानुवर्षं एकटी राहिल्यामुळे तिचे शब्दच गेलेले. कोल्हे तिला पकडून अस्वलापुढे उभी करतात आणि बाकीची माणसं कुठे लपलीत ते विचारतात. माझ्या हातातल्या कागदावर तिच्यासाठी एवढंच लिहिलं होतं: ‘म्हातारी काहीबाही बडबडते.’

मी तीन प्रकारे बडबडून पाहिलं. काचेपलीकडून मालक मान हलवायचा. "मजा नहीं आ रहा, दीदी."

चौथ्या खेपेला मी माझ्या आईसारखी बोलले.

आई शाळेत मास्तरीण होती. चाळीस वर्षं तिनं पोरांना पाढे शिकवले, भाजीवाल्यांशी वाद घातले, शेजारणींची भांडणं सोडवली, आणि हे सगळं बोलून. या डबिंगच्या दीड वर्ष आधी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं ते थोडं थोडं परत आलं. बोलणं मात्र आलं नाही. तिच्याजवळ एकच उरलं होतं, छत्तीसगढीतलं ‘हव ना’, म्हणजे ‘हो ना’. पाणी हवं असेल तरी हव ना, दुखत असेल तरी हव ना, नको म्हणायचं असलं तरी हव ना. पण तेवढ्यातच ती सगळं बोलायची. आवाज चढवून, उतरवून, लांबवून, कधी ठसक्यात तोडून. बाबांना तर तिचं अर्धंअधिक कळायचं. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला तो कमी बोलणारा माणूस तिच्याशी तासन् तास त्या दोन शब्दांवर गप्पा मारत बसायचा.

मी तेच केलं. अस्वल दरडावून विचारतं, म्हातारी घाबरून म्हणते, हव ना. कोल्हा काठी आपटतो, म्हातारी चिडून म्हणते, हव ना! शेवटी ती रडवेली होऊन, शब्द शोधत, ओठ वाकडा करत म्हणते, ह... हव ना. ओठ तर कुणाला दिसणार नव्हता. तरी मी तो वाकडा केला, कारण त्याशिवाय आवाज तसा लागत नव्हता.

खोलीत हशा पिकला. अस्वलाचा आवाज देणारा तर खुर्चीवरून घसरलाच. "यही चाहिए था," मालक म्हणाला. आपण काय केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं मी आजवर दोघा-तिघांना सांगितलंय, ते खोटं आहे. थांबा, हे पुसा, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण सगळे हसत होते, माझ्यामुळे हसत होते, आणि मला ते आवडत होतं.

सीडी खूप चालली. बसस्टँडवर, पानठेल्यांवर, लग्नाच्या मांडवात सगळीकडे ‘हव ना’ ऐकू यायचं. ऑफिसात साहेबसुद्धा फाईल मागताना म्हणायचे, "क्यों, हव ना?" नि मी हसून दाखवायचे. घरी मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं. बाबांना ठाऊक होतं ते इतकंच, की पोरगी कुठेतरी आवाज देते. सीडी मी घरी आणलीच नाही.

आम्ही तेव्हा चौबे कॉलोनीत राहत होतो. एका रविवारी दुपारी मी दिवाणावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आमच्याकडे काम करणारी बाई शेजारच्या टीव्हीवर माझा आवाज ऐकून धावत आली. "दीदी, केबल में आपकी पिक्चर आ रही है!" आणि मी उठेपर्यंत तिनं टीव्ही लावलासुद्धा.

बंद कर म्हणायला कारण सुचेना. बाबांनी आईची खुर्ची टीव्हीसमोर वळवली. पडद्यावर अस्वल खुर्चीत बसून नाकात तपकीर ओढत होतं. आई हसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूनं हसायची ती. एका कोल्हिणीचा आवाज माझा आहे हे तिनं ओळखलं आणि बाबांना डाव्या हातानं ढोसून सांगितलं, "हव ना!" केवढं कौतुक होतं त्यात. मी म्हणाले, "आई, चल, तुले पडायचं असन ना आता." तिनं माझा हात झटकला.

मग म्हातारी आली.

पहिल्या वाक्याला कामवाली हसली आणि लगेच पदर तोंडात कोंबला. बाबा टीव्हीकडे बघायचे थांबून जमिनीकडे बघू लागले. आई मात्र बघत राहिली. म्हातारीचं घाबरणं, चिडणं, रडणं, सगळं तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. शाळेत एखादं शहाणं पोरगं भलतंच उत्तर देतं तेव्हा पाहावं, तसं. तिला काहीतरी विचारायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"हव ना?"

टीव्हीतून नुकतंच आलं होतं ते, अगदी तसंच. ते तिचं तिलाही ऐकू आलं. तिनं ओठ मिटले आणि डावा हात तोंडावर ठेवला.

बाबा म्हणाले, "बेटा, ते बंद कर."

संध्याकाळी ते गच्चीत आले. मी वाळत घातलेली लाल मिरची उगाच खालीवर करत होते. "काहून केलं तू असं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "बाबा, ते कोणाले माहीत नाही. कोणी तिले ओळखत नाही तिथं."

"तू ओळखतेस ना?" ते म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी आईजवळ बसले. "आई, माह्यं चुकलं. लय चुकलं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, फणीकडे बोट दाखवलं. मी तिचे केस विंचरून वेणी घातली. मला वाटलं, झालं, तिनं माफ केलं. माफ तिनं केलंही असेल. पण माझ्याशी ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवायची. मी खोलीत आले की सुरू असलेलं बोलणं तोडून गप्प व्हायची.

महिन्याभरानं मी बाबांना म्हणाले, "माह्यावरचा तिचा राग जातच नाही."

"राग नाही तिचा," बाबा म्हणाले. "तुह्यासमोर बोलाची लाज वाटते तिले."

लाज मला वाटायला हवी होती, ती मी तिच्या पदरात टाकली होती.

मालकानं दुसऱ्या भागासाठी बोलावलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून कळवलं. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. माझ्या जागी त्यानं बीरगांवची एक मुलगी घेतली. माझी सीडी पुन्हा पुन्हा ऐकून तिनं हुबेहूब तो आवाज उचलला. एका लग्नात मांडवातल्या टीव्हीवर तो दुसरा भाग लावला होता, तिथं मी तो ऐकला. माझ्या आईला कधी न पाहिलेली ती मुलगी अडखळत होती, रडवेली होत होती, नि जेवणारे लोक घास हातात धरून हसत होते. मी न जेवताच निघाले.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. शेवटच्या उन्हाळ्यात एकदा ऑफिसातून लवकर घरी आले. तिच्या औषधाची वेळ झाली होती, म्हणून गोळ्या आणि पाणी घेऊन तिच्या खोलीकडे गेले. आत कामवाली फरशी पुसत होती आणि आई तिच्याशी भांडत होती. कोपरा राहिला म्हणून असावं. हव ना, हव ना, हव ना! कामवालीही ऐकून घेणारी नव्हती. मग दोघी कशावरून तरी हसायला लागल्या. आई हसता हसता काहीतरी लांबलचक सांगत सुटली, त्याच दोन शब्दांत, पूर्वी शाळेतून आल्यावर सांगायची तसं.

दार अर्धं लोटलेलं होतं. मी आत गेले नाही. हातात पेला धरून पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले, तिचं बोलून संपेपर्यंत.