आप्पांचं इटलीचं फ्रीव्हील

आमच्या ग्रुपमध्ये सायकली सात. त्यातल्या दोन कायम परदेशातून येणाऱ्या पार्टची वाट बघत भिंतीला टेकलेल्या. आणि वाट बघणारा कोल्हापूरकर गप्प बसतो होय? रविवारी राइडनंतर राजारामपुरीत चहाला थांबलो की नवा किस्सा तयार!

संदीपचं मेडिकलचं दुकान आहे. त्यानं तैवानहून चार बोल्ट मागवले. कस्टम ड्युटी, कुरिअरचं हँडलिंग धरून बिल झालं बोल्टांच्या दुप्पट!

वहिनींनी विचारलं, "सोन्याचे हाईत काय?"

"बोल्ट स्वस्तच हाईत गं," संदीप म्हणाला, "त्यांचा प्रवास महाग पडला."

*

खंडेनवमीला संदीपच्या सायकलची जोरात पूजा झाली. पुढच्याच आठवड्यात ब्रेकचा लिव्हर तुटला. वॉरंटीसाठी त्यानं फोटो पाठवला. जर्मनीहून कंपनीचा मेल आला, 'पार्टवर लाल-पिवळं केमिकल दिसतंय. क्लेम नामंजूर.'

पठ्ठ्यानं हळदीकुंकवावर दीड पान इंग्रजी लिहून पाठवलं! नवीन लिव्हर आला. सोबत चिठ्ठी, 'कृपया यावर तो पदार्थ लावू नये.'

वहिनींनी खोका उघडला आणि पहिलं कुंकू लावलं.

*

आप्पा शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर झालेले. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळं वाईटपणा माझ्याकडं. "चढाला हलका गिअर नसेल तर राधानगरी बंद!" मी बजावलं. दरवर्षी राधानगरी करणारा माणूस, चेहराच पडला त्यांचा. मलाच कसंतरी झालं.

त्यांच्या जुन्या फ्रेंच सायकलचे आटे वेगळे, मागच्या चाकाला इथलं फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या चक्र्यांचा संच, बसत नाही. चक्री मोठी तेवढा गिअर हलका; तसं मोठ्या चक्रीचं एक शेवटी इटलीत सापडलं. ते दिल्लीत अकरा दिवस अडकलं. आप्पांनी कुरिअरच्या हेल्पलाइनला फोन लावला, "पावणं, आमचं फ्रीव्हील दिल्लीत काय करायलंय? कुतुबमिनार बघून झाला असंल की आता!"

*

इटलीच्या दुकानदारानं आपणहून, ड्युटी कमी लागावी म्हणून, खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलेलं. आप्पांना कस्टमच्या चौकशीचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे तिथंच होतो.

"पाठवणारे तुमचे कोण?"

"कोण न्हाय! ओळख ना पाळख."

"मग गिफ्ट कसं?"

आम्ही हातवारे करून दमलो. आप्पा भडकले, "गिफ्ट कसलं? पैसं मोजून घेतलंय की! फुकटं वाटलो काय तुमास्नी?"

पूर्ण ड्युटी बसली. वर दंड. आप्पा मात्र दिवसभर छाती काढून फिरत होते.

*

फ्रीव्हील बसलं आणि आम्ही राधानगरीला निघालो. चढ लागला. आप्पा जड गिअरवरच उभे राहून पायडल मारायलेत, तोंड लालबुंद!

"आप्पा, मोठी चक्री टाका!" मी ओरडले. ऐकतील तर शपथ. अर्ध्या चढाला उतरले आणि सायकल ढकलत चालायला लागले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "गुडघा जाईल तुमचा! ज्या चक्रीसाठी एवढा आटापिटा केला, ती वापरत का नाही?"

आप्पांनी खिशातून रुमाल काढला. मोठ्या चक्रीवरची धूळ हळूच पुसली.

"इटलीची हाय डॉक्टर. झिजली म्हंजे?"