यमुनीची सुट्टी

आज मोखाड्यात पत्रकं चिकटवताना खळीचा आंबूस वास नाकात गेला आणि ती शाळा आठवली.

दहा वर्षांपूर्वी मी तिथे स्वयंसेवक होतो. मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवायचं, एवढंच काम. कोणाला किती वाचता येतं याचा तक्ता आम्ही अशाच खळीने भिंतीला लावला होता. तो बघायला दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. कातकऱ्यांची यमुनी आठवड्यापूर्वीच आईबापाबरोबर वीटभट्टीवरून परतली होती. तिथल्या पाच महिन्यांत ती अक्षरं विसरून गेली होती.

गुरुजी मला म्हणाले, "भट्टीवाल्या पोरांना उद्या सुट्टी सांग. उगाच तक्ता खराब दिसतो."

मी तिला सांगितलं.

"सगल्यांना सुट्टी का, दादा?"

"हो, सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी पोरं पाहुण्यांसमोर खड्या आवाजात वाचत असताना ती डोक्यावर मोळी घेऊन खिडकीशी येऊन थांबली. भरलेला वर्ग तिने पाहिला, मग मला पाहिलं.

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "ही कोण?"

"आमच्या शाळेतली नाही," मी म्हणालो.

तेव्हा वाटलं, शाळेची अब्रू वाचवली. आज स्वतःची चीड येते. जिच्यासाठी आम्ही तिथे गेलो, तिलाच लपवून आम्ही टाळ्या घेतल्या.

यमुनी पुन्हा शाळेत आली नाही. गुरुजींनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं. ती शाळेमागच्याच पाड्यात राहत होती.