एकतीस वेळा चीत

अमरावतीच्या आमच्या कापूस-गोदामात विलायतेची वर्तमानपत्रे आगबोटीने, मग टपालाने येत आणि हाती पडेपर्यंत सव्वा महिना जुनी झालेली असत. अमेरिकेत लढाई चालू असल्याने वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ती मागणी होती. भावाचे पान साहेब स्वतःकडे ठेवी, उरलेली पाने कारकून म्हणून माझ्याकडे येत. दुपारच्या सुट्टीत ओट्यावर बसून मी ती मराठीत करून सांगायचो. ऐकायला गाठी उचलणारे हमाल असत.

एकदा ठोसेबाजीची हकिकत आली. दोन गडी, दोरांच्या आत, नुसत्या मुठींनी एकमेकांना मारतात. भोवती हजारो माणसे, आणि वर्तमानपत्राचा माणूस प्रत्येक ठोसा लिहून घ्यायला हजर. मी सांगितले, "त्यातला एक जण एकतीस वेळा चीत झाला, तरी लढत राहिला."

सगळा ओटा हसला.

"पंत, एकदा चीत झाला त खेळ खतम ना! एकतीस वेळा कसा होईन?"

"तिकडच्या लोकायले पाठच नसन!"

चूक माझी होती. मजकुरात 'पडला' होते, मी 'चीत झाला' म्हटले. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. त्यांच्याकडे पडलेल्याला अर्धे मिनिट मिळते. तेवढ्यात मधोमध आखलेल्या रेघेशी येऊन उभा राहिला की लढत पुढे चालू. मी शब्द दुरुस्त केला आणि पुढचे वाक्य वाचले, "प्रत्येक वेळी तो हसत रेघेवर आला."

एक हमाल मात्र हसला नव्हता. चाळिशी ओलांडलेला, पूर्वीचा नावाजलेला मल्ल. सगळे त्याला पहिलवान म्हणत. सात वर्षांपूर्वी अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्याची पाठ लागली, तेव्हापासून त्याने आखाड्यात पाऊल ठेवले नव्हते. सगळे उठून गेल्यावर त्याने विचारले, "आर्धा मिनिट म्हंजे किती, पंत?"

मी सावकाश तीस अंक मोजून दाखवले.

"बापा! लई होते. मले अकोल्यात येवढं भेटलं असतं तं..."

आठ दिवसांनी त्याची बायको आमच्या दारात आली. "तुमच्या कागदानं येड लावलं त्याले. नागपंचमीले कुस्ती खेळतो म्हन्ते. उजवा गुडघा आधीच गेला हाय. तो मोडला त गाठी कोन उचलन? मी?"

ती गेल्यावर माझी बायको म्हणाली, "तुम्ही वाचलंत, आता तुम्हीच निस्तरा."

त्याच सुमारास दुसरे एक वर्तमानपत्र आले. त्यातही तीच लढत होती, पण पडण्याचा आकडा अठ्ठावीस. मला आकड्यांतला फरक सहन होत नाही, म्हणून दोन्ही पत्रे शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. दुसऱ्याने लिहिले होते की शेवटी शेवटी त्या गड्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. त्याला रेघेपर्यंत धरून आणत होते, आणि एकदा तर त्याने स्वतःच्याच माणसाला ठोसा मारला. हसण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर मी हे सगळे वाचले. पहिलवान भिंतीला टेकून ऐकत होता.

"दोघंबी लिवनारे तिथंच बसून पाहून राह्यले होते ना?"

"हो."

"मंग खरं कोनाचं?"

"एकतीस की अठ्ठावीस ते मला इथून ठरवता येत नाही. पण डोळ्यांचं पहिल्या पत्राने गाळलं, आणि त्याचंच मी तुम्हाला सांगितलं."

त्याने विचारले, "आन् मंग घरी कसा गेला तो?"

मी दोन्ही पत्रे पुन्हा पाहिली. पुढच्या दोन टपालांतलीही पाने चाळली. ते कोणीच लिहिले नव्हते.

"रेघेवर आला थे लिवते," तो म्हणाला, "घरी गेला थे नाई लिवत."

मला वाटले, आता तो खेळणार नाही. नागपंचमीला तो उतरला. समोरचा गडी त्याच्या निम्म्या वयाचा. दोघे भिडले, पहिलवानाने एकदा त्याची पकड सोडवली, दुसऱ्यांदा सुटली नाही. पाठ लागली, डफडे वाजले. तो तसाच आभाळाकडे पाहत पडून राहिला. मी सवयीने मोजू लागलो. बाविसाव्या अंकाला तो कोणाचा हात न धरता उठला, त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर आला.

"किती झाले, पंत?"

"बावीस."

"मंग आठ उरले ना!" म्हणून तो हसला. हे हसणे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पत्रांनी गाळले ते मी इथे लिहून ठेवतो. तो घरी चालत गेला. उजवा पाय किंचित ओढत होता. वाटेत दोनदा थांबला, एकदा पाणी प्यायला आणि एकदा, "काही झालं नाई" असे कोणाला तरी सांगायला. बायको सबंध वाट चार पावले पुढे चालत होती. मी दारापर्यंत बरोबर होतो. तिसऱ्या दिवशी तो गाठी उचलायला आला.