आत्यांचा बांध

दोन भावांचं भांडण मिटू नये म्हणून मनापासून झटणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघाली. वास्तविक पुण्यात भांडणाला बाहेरून पाठिंबा लागत नाही. पण आत्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांना भुंगेरे वाचवायचे होते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळ गाठतात. आत्या हिंजवडीपलीकडे ताज्या चवळीच्या शेंगा आणायला गेल्या आणि दोन शेतांमधल्या बांधावर अडकल्या त्या अडकल्याच. शेतं दोन सख्ख्या भावांची. दोघंही पिकावर सढळ हातानं औषध फवारायचे, कडेचं गवत जाळायचे. मधला बांध मात्र कोर्टात होता. एकानं विळा लावला तर दुसरा अतिक्रमण म्हणून ओरडणार, म्हणून तिथल्या गवताला कुणी हात लावत नव्हतं. त्या हातभर पट्ट्यात ठिपकेदार ढालकिडे आणि काळे भुंगेरे निर्धास्त नांदत, आणि तिथून शेतात उतरून शेंगांवरची मावा कीड, मुळाशी दडलेल्या अळ्या फुकटात फस्त करत. "भल्याभल्यांना जमलं नाही ते भाऊबंदकीनं केलं," आत्या कौतुकानं म्हणायच्या. खटल्याला पुढची तारीख पडली की आम्हाला पेढे मिळत.

बांधावर कोण कोण राहतं हे पाहायला त्या श्रीखंडाचे रिकामे डबे जमिनीत काठापर्यंत पुरून ठेवत. रात्री फिरायला निघालेले भुंगेरे त्यात पडत, सकाळी आत्या त्यांची विचारपूस करून सोडून देत. त्यामुळे आमच्याकडे आल्या की तब्येतीची चौकशी नाही, थेट "जावईबापू, श्रीखंड संपलं का?" माझ्या रक्तात साखर निघाली तेव्हा म्हणाल्या, "अहो, शास्त्रासाठी थोडं सोसावं लागतं." डबे देणारे नातेवाईक मित्रकीटक, न देणारे पीक पोखरणारे. वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत लॉन कापायचं यंत्र आलं, तर सेक्रेटरींना जिन्यातच गाठून म्हणाल्या, "आपण स्वतःची दाढी करता ते ठीक आहे. जमिनीची कशाला?"

मग धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. थोरले काका अक्षता टाकायला आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही, म्हणून ती हटून बसली. दोघा भावांशी बोलणारं माणूस गावात एकच उरलेलं, तेव्हा मध्यस्थीला आत्यांना बोलावणं आलं. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला. धाकटा म्हणाला, "बाई, दादा यायला तयार हाय. पर आदी बांधाचं काय करायचं ते तुमीच सांगा." थोरला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. वडिलांनी रोवलेला हद्दीचा दगड कुणी सरकवला, हे डब्यांसाठी अख्खा बांध उकरलेल्या आत्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर भांडण नातवंडांपर्यंत पुरलं असतं.

आत्या गवतात वाकून बराच वेळ काहीतरी पाहत राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "मोडा बांध. एकच शेत करा, आणि पोरीचा मंडपही इथंच घाला." त्यांनी एकेक डबा उपटून पिशवीत भरला. परतताना वारजे येईपर्यंत त्या डबे एकात एक घालत आणि पुन्हा काढत राहिल्या, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वारजे यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको.

लग्नात दोघे भाऊ जोडीनं पंगतीत श्रीखंडाचा आग्रह करत फिरत होते. जेवण झाल्यावर पाहतो तर आत्या नळाशी. एक रिकामा डबा त्यांनी सवयीनं धुतला, पदरानं कोरडा केला आणि पिशवीत टाकता टाकता थांबल्या. पायाखाली मंडपाची सतरंजी होती. बांध तिथंच कुठेतरी होता.

"छान दिसतात हो दोघं एकत्र," त्या भावांकडे पाहत म्हणाल्या. मग डबा माझ्यापुढे धरून हळूच विचारलं, "जावईबापू, हा आता कुठं पुरू?"

मला फार वाईट वाटलं. मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि धरून उभा राहिलो.