राजाची उरलेली उडी

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत पोस्टमनची गाडी शिरली की माझ्या छातीत अजूनही धडधडतं. पन्नाशीला टेकलेल्या मास्तराला हे शोभत नाही, असं बायको म्हणते. तिचं खरं आहे. पण सौंसरहून येणाऱ्या पोस्टकार्डावर काय असतं हे तिला सांगायला गेलं तर मीच अर्ध्या वाक्यात अडखळतो, इतकी घाई होते.

कार्डावर बुद्धिबळाचा पट असतो. पट्टी लावून पेनाने आखलेला, काळी घरं बारीक तिरप्या रेघांनी भरलेली. पाठवणारे गुरुजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मी बोरगावच्या शाळेत दोन वर्षं होतो, तेव्हा ते तिथे हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोडी रचायला सुरुवात केली आणि चार वर्षांपासून ती मला पाठवतात.

साधी कोडी नाहीत ती. एकदा कार्डावर डाव मांडलेला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आता पुढची चाल नको. याच्या आधीची चाल कोणती झाली असेल ते सांग.’ मी तीन दिवस डाव उलटा खेळत बसलो होतो. भाकरी ताटात, हात घोड्यावर. ज्या क्षणी कळलं की ते प्यादं दुसरीकडून येऊच शकत नव्हतं, त्या क्षणी मी असा ओरडलो की शेजारचे विचारायला आले. दुसऱ्या एका कोड्यात काळा आणि पांढरा दोघांनी मिळून काळ्याच्या राजाला मात द्यायची होती. तिसऱ्यात समोरच्याला भाग पाडून आपल्याच राजाला मारून घ्यायचं होतं. असं काही डोक्यात घुसलं की वर्गात फळ्याकडे तोंड करून मी हळूच हसत असे.

आमचा एक नियम होता. आठ दिवसांत कार्डानेच उत्तर द्यायचं. कुणाला विचारायचं नाही, मोबाईलला तर मुळीच नाही. नाही जमलं तर दोनच शब्द लिहायचे : ‘नाही सुटलं.’ त्यात लाज धरायची नाही. पहिल्या वर्षी मी हे दोन शब्द कितीदा लिहिले असतील.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक कोडं काही केल्या सुटेना. आठवा दिवस उजाडला. मी डाव मोबाईलमध्ये मांडला, बटण दाबलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर समोर आलं. ते उतरवून पाठवलं. पुढच्या कार्डावर कोड्याच्या वर लिहून आलं, ‘शाब्बास मास्तर!’ हे शब्द मला इतके गोड लागले की पुढची दोन कोडीही मी तशीच सोडवली. सोडवली हा शब्द मी सवयीने वापरतो आहे. चोरली.

मग दिवाळीनंतर एक कार्ड आलं. त्यावर फक्त तीन मोहरे. काळा राजा वरच्या डाव्या कोपऱ्यात. त्याच उभ्या ओळीत, एक घर सोडून खाली, पांढरा राजा. आणि त्याच ओळीत अगदी तळाला पांढरा हत्ती. ‘पांढऱ्याने एका चालीत मात करावी.’ त्याखाली आणखी एक वाक्य होतं : ‘पांढऱ्या राजाला आजवर एकदाही शह बसलेला नाही.’

तीन मोहरे म्हटल्यावर मी हसलोच. पण पाहतो तर जमेना. हत्तीची वाट आपल्याच राजाने अडवलेली. राजा एक घर बाजूला सरकला तर हत्तीचा शह बसतो खरा, पण काळा राजा शेजारच्या घरात सटकतो. अर्ध्या तासाने मी मोबाईल काढला. आठ दिवस थांबायचा धीरही आता उरला नव्हता. मोबाईल म्हणाला, तीन चाली. ते खालचं वाक्य मोबाईलमध्ये भरायला जागाच नव्हती, म्हणून मी ते सोडून दिलं.

उत्तर लिहिलं : ‘गुरुजी, कोड्यात चूक आहे. एका चालीत मात होत नाही, तीन लागतात. चार दिवस विचार करून सांगतो आहे.’

चार दिवस! हे लिहिताना माझा हात जराही थांबला नाही.

त्यानंतर कार्ड आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. गुरुजींना आपल्या चुकीची लाज वाटत असेल, फोन करून ती वाढवू नये, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं म्हणजे त्यांचा आवाज ऐकायची मला भीती वाटत होती.

डिसेंबरच्या एका रविवारी मी भाजी घेऊन घरी चाललो होतो. रस्त्याच्या कडेला संत्र्याचा ट्रक भरायला उभा होता. माल यायचा बाकी, म्हणून दोन हमाल उलट्या क्रेटवर पट मांडून बसले होते. बुद्धिबळ दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. डाव रंगला होता. तेवढ्यात मफलर बांधलेल्याने आपला राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं लांब नेऊन ठेवला.

“अबे, राजा हाय का घोडा? कुठं उडून राहिला?” समोरचा उसळला.

“त्याले शह देल्ला का तू आतापावतर?”

“नाही.”

“मंग? एक उडी बाकी हाय त्याची. आपल्या बापाले विचारून ये.”

माझ्या हातातली पिशवी सुटली. टमाटे ट्रकच्या चाकाखाली घरंगळत गेले. “मास्तर, टमाटे!” दोघंही ओरडले आणि मी वेड्यासारखा म्हणत होतो, “बाकी हाय! उडी बाकी हाय!”

आपला जुना देशी खेळ! लोधीखेड्याच्या मामाने मला लहानपणी हाच शिकवला होता. जोवर राजाला शह बसत नाही तोवर त्याला एकदा घोड्याची उडी मारता येते. मी पळतच घरी आलो, तीन मोहरे मांडले. राजा दोन घरं उजवीकडे आणि एक घर वर. तो बाजूला होताच हत्तीची वाट मोकळी झाली, आणि काळा राजा जिथे सटकणार होता ती दोन्ही घरं आता पांढऱ्या राजाने धरून ठेवली. मात! एका चालीत!

आणि मग मी खाली बसलो. कारण बोरगाव आठवलं. नवा असताना शाळेतल्या एका डावात मी राजाची अशीच उडी मारली होती. सगळे मास्तर हसले. “हा गावठी खेळ इथं नाही चालत,” कुणीतरी म्हणालं. मी कानापर्यंत लाल झालो. एकटे हेडमास्तर पटाकडे पाहत म्हणाले होते, “पण उडी बेस होती.” त्या दिवसानंतर मी ती उडी टाकून दिली, आणि पुढे विसरलोही. गुरुजी विसरले नव्हते. हे कोडं त्यांनी माझ्यासाठी रचलं होतं. मी त्यात चूक काढली.

दुपारची सौंसरची बस मिळाली. गुरुजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी फाटकातूनच ओरडलो, “गुरुजी, राजा उडी मारतो!”

त्यांनी मान वर केली नाही. “लय दिवसानं मारली.”

“तुम्हाला माहीत होतं? मी मोबाईल...”

“तवाच समजलं. माणूस हरला तं ‘नाही सुटलं’ म्हणते. ‘तीन चाली’ म्हणणारा माणूस नसते.”

“मग बोलले का नाही?”

“काय बोलू? पोरगं कॉपी करताना सापडलं तं त्याचा हात धरता येते. पोस्टकार्डाचा हात कसा धरू बे?”

मला हसू आलं आणि रडूही. तिथेच थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, त्याच्या आधीची तीनही.”

आता मात्र त्यांचे हात थांबले. “ते नव्हतं मालूम,” ते म्हणाले. मग ते आत गेले आणि जाड वही घेऊन आले. प्रत्येक कोड्याचा पट त्यात होता आणि खाली ‘सुटलं’ किंवा ‘नाही सुटलं’. त्यांनी पेन माझ्यासमोर धरलं.

“खोड.”

मी तीन ठिकाणी ‘सुटलं’ खोडलं आणि ‘नाही सुटलं’ लिहिलं. तीन मोहऱ्यांच्या पटाखालची जागा कोरी होती. पाच आठवड्यांपासून कोरी.

“अन् हे?” गुरुजींनी विचारलं.

“उशिरा सुटलं. तेही ट्रक भरणाऱ्या दोघांमुळे.”

त्यांनी पेन परत घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘उशिरा सुटलं.’ मग माझ्याकडे टोपलं सरकवलं. “सोल आता. रिकामा काहून बसला?” बसची वेळ होईपर्यंत मी शेंगा सोलत राहिलो. पुढच्या कार्डाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारवलं नाही.

कार्ड बाराव्या दिवशी आलं. नऊ मोहरे, आणि खाली एक भलताच प्रश्न : ‘प्यादी सोडून यातला कोणता मोहरा आपल्या घरातून कधीच हलला नाही?’ वर ‘शाब्बास’ नव्हतं, काहीच नव्हतं. मोबाईल मी बायकोच्या डब्यांच्या कपाटात ठेवला. सात दिवस जेवताना, वर्गात, दाढी करताना तेच नऊ मोहरे. आठव्या दिवशी, म्हणजे आज, मी कार्डावर लिहिलं, ‘नाही सुटलं.’ इतके हलके दोन शब्द मी खूप दिवसांनी लिहिले होते.

कार्ड पेटीत टाकलं. दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो तळाच्या ओळीतला उंट! त्याला बाहेर यायला वाटच नव्हती, त्याच्या दोन्ही तिरप्या वाटांवरची प्यादी अजून जागची हललेली नाहीत!

पेटीत हात घालून पाहिला, आत जाईना. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघोत. मी पोस्टाच्या दारात शिरलो आणि खिडकीत उभा राहून म्हणालो, “एक कार्ड द्या. लवकर द्या.”