शेवटचं नाव

फुआतिनो सामोआतल्या आमच्या शाळेत मोठ्या बाई होऊन आल्या, तेव्हा सरकारचा हुकूम आधीच भिंतीवर चिकटलेला होता. मुलांना मारायचं नाही, नंबर जाहीर करायचे नाहीत. हुकूम भिंतीवर आणि खराटा आम्हा मास्तरांच्या हातात, असा आमचा कारभार. बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गावर्गातले खराटे गोळा करून अंगणातल्या नीरफणसाला टेकवले.

"हे झाडायला असतात," एवढंच म्हणाल्या.

शाळा बदलली. पोरं चक्क प्रश्न विचारायला लागली.

वर्षअखेरच्या बक्षीस समारंभाला आमच्याकडे सगळं गाव लोटतं. पूर्वी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नंबर वाचायचे आणि शेवटच्याचं घराणं वर्षभर मान खाली घालून फिरायचं. बाईंनी नंबर वाचणं बंद केलं आणि धाकट्यापासून थोरल्यापर्यंत नावं वाचली. तिथेच चुकलं. सामोआत नाव कितवं घेतलं यावर घराण्याचा मान ठरतो, आणि सर्वांत थोरला म्हणून ज्याचं नाव शेवटी आलं, तो पेसामिनो निघाला गावाचे म्हातारे प्रमुख माउगाताई यांचा नातू. याच मातीतल्या बाईंच्या हे लक्षात येऊ नये, याचा मला आजही राग येतो.

गावसभेने शाळेला टाळं लावायचं ठरवलं. मग बाई घरातली सर्वांत उंची चटई डोक्यावर पांघरून माउगाताईंच्या दारात जाऊन बसल्या. आमच्यात माफी अशीच मागतात. समोरच्याने चटई उचलली की माफी मिळाली. म्हाताऱ्याने त्यांना दुपारपर्यंत उन्हात तापवलं.

"ऊठ, पोरी," शेवटी चटई उचलून तो म्हणाला. "शाळा तुझीच आहे. नंबर तेवढे परत वाच."

"वाचते," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पेसामिनो खरोखरच शेवटचा आला.

मी म्हटलं, "बाई, एक नाव वर सरकवा. कोण बघतंय?"

"नंबर हवे होते ना त्यांना? ऐकू देत की."

समारंभात त्यांनी ते शेवटचं नाव ठसक्यात वाचलं. पेसामिनो उभा राहिला, गळ्यात आजीने आधीच घातलेला गोळ्या-चॉकलेटांचा हार. मागून कोणीतरी फिसकन हसलं. माउगाताई उठले, नीरफणसापाशी गेले आणि खराटा घेऊन आले.

पहिल्याच फटक्यात हार तुटला. गोळ्या सगळीकडे घरंगळल्या, पण एकाही पोराने उचलली नाही. बाई कागद धरून तशाच उभ्या राहिल्या. पेसामिनो रडला नाही. मार संपेपर्यंत तो आजोबांकडे नाही, बाईंकडे बघत होता.