शाईची सही

मिस्तरींबद्दल चांगलं बोलायचा अधिकार मी गमावून बसले आहे, तरी लिहिते. दुसरं कोणी लिहिणार नाही.

आमचं प्लायवूडचं दुकान, आणि मिस्तरी आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कपाटं, टेबलं, दुकानांची फडताळं करायचे. लाकडाच्या बाबतीत भलते काटेकोर, तीनदा मापल्याशिवाय करवत लावायचे नाहीत. कागदाच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. माल उतरला की कानावरची पेन्सिल काढायची, चलन दारावर टेकवायचं आणि न वाचता सही ठोकायची. "अहो, वाचा तरी," मी म्हणायचे. "तुम्ही लिहिलंय ना वहिनी, मग झालं," हे ठरलेलं उत्तर.

माझे यजमान गेले तेव्हा मला प्लाय आणि पुठ्ठा यातला फरकसुद्धा धड कळत नव्हता. कोणता माल ओलाव्यानं फुगतो, कोणती कंपनी पातळ माल खपवते, हे मला मिस्तरींनी शिकवलं. तेही शिकवतोय असं न भासवता, उगाच इकडचं तिकडचं बोलत.

मग एका हॉटेलवाल्यानं त्यांच्याकडून साठ खोल्यांचं फर्निचर करून घेतलं आणि पैसे न देता हॉटेलच विकून टाकलं. त्या कामाचा सगळा माल माझा होता, उधारीवर. मिस्तरी स्वतः येऊन सांगून गेले, "तिकडून आले की पहिले तुमचे." तिकडून दमडी आली नाही. मी एक वर्ष गप्प राहिले, दुसरंही राहिले. कंपनीनं मला उधार देणं बंद केलं आणि दुकानाच्या मांडण्या अर्ध्या रिकाम्या झाल्या. "भीड भिकेची बहीण," माझे दीर म्हणाले. "मिस्तरींची भीड धरून दुकान घालवणार आहेस का?" आणि मला वकिलांकडे घेऊन गेले.

वकिलांनी चलनं पाहून कपाळाला हात लावला. पेन्सिलीच्या सह्या पुसट झाल्या होत्या, आणि दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

"यावर काही टिकणार नाही," ते म्हणाले. "पण मुदतीच्या आत त्यांनी देणं लेखी कबूल केलं, तर तीन वर्षं नव्यानं मोजतात. मी कागद करून देतो. त्यावर शाईची सही आणा."

"काय सांगून आणू?"

"ते तुम्ही बघा."

मी बघितलं. त्याच संध्याकाळी मिस्तरींच्या कारखान्यात गेले. त्यांनी स्टुलावरचा भुसा आपल्या रुमालानं झटकला, मला बसवलं, चहा मागवला. मी कागद पुढे केला. "ऑडिटरला हवाय. दरवर्षीचं असतं ते." त्यांचा हात कानाकडे गेला, तशी मी घाईघाईनं माझं पेन पुढे केलं. "त्याला पेन्सिल चालत नाही."

"मोठा माणूस दिसतोय," मिस्तरी हसले आणि त्यांनी सही केली. पूर्ण रक्कम आणि ती देणं मान्य असल्याचं वाक्य त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. मी चहा प्यायले. निदान चहाला तरी नको म्हणायला हवं होतं.

दाव्याचं समन्स गेल्यावर मिस्तरी भांडायला येतील म्हणून मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. ते आलेच नाहीत. त्यांच्या वकिलानं मात्र नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं: सही फसवून घेतली आहे, सबब कागद खोटा आणि दावा मुदतीबाहेरचा. आता सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं. "वाचून दाखवला होता म्हणा, एवढंच," माझे वकील म्हणाले.

मी शपथ घेतली आणि म्हटलं, "हो. पूर्ण वाचून दाखवला, मग त्यांनी सही केली." आवाज कापेल असं वाटलं होतं. जराही कापला नाही.

मग मिस्तरी पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट त्यांना टोचत असावा, सारखी कॉलर ओढत होते. माझ्या वकिलांनी विचारलं, "यांनी कागद वाचून दाखवला होता की नाही?"

त्यांच्या वकिलानं काय पढवून ठेवलं असेल ते मला कळत होतं. त्यांनी 'नाही' म्हटलं की संपलं होतं, आणि तेच खरं होतं. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"आता नीट आठवत नाही साहेब," ते म्हणाले. "पैसे द्यायचेत हे खरं आहे. आणि वहिनी म्हणतायत तर दाखवला असेल वाचून. त्या खोटं बोलायच्या नाहीत."

ते शब्दशः टाइप झालं. त्यांच्या वकिलानं फाइल मिटली. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का.

मी उभी राहिले. "नाही," म्हटलं, आणि खाली बसले.